'अधिकार अनुदान' म्हणजे नक्की काय? त्याला 'हक्कांचा पट्टा' म्हणा

एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांची मुलगी बर्कलीला शिकते, आणि घरी आजोबा विचारतात की नातीच्या कॉलेजची फुटबॉल टीम (तिकडचा फुटबॉल, हेल्मेट घालून हातात बॉल घेऊन पळतात तो) कॅलिफोर्नियातून उठून पार फ्लोरिडाला नि बॉस्टनला मॅच खेळायला का जाते. ताईंनी समजावून सांगायला म्हणून मराठीत काही मिळतंय का बघितलं तर 'कॉन्फरन्स रीअलाइनमेंट'ला (कॉन्फरन्स म्हणजे आपापसात मॅचेस खेळणाऱ्या युनिव्हर्सिटींचा गट, आणि युनिव्हर्सिटींनी तो गट बदलणं म्हणजे रीअलाइनमेंट) 'परिषदेची पुनर्रचना' आणि 'ग्रँट ऑफ राइट्स'ला 'अधिकार अनुदान' असं सापडलं. त्यावर आजोबा म्हणाले, अनुदान मिळतंय तर मग कॉलेजं कोर्टात कशाला गेली? ताईंचा प्रश्न असा की हे शब्द बरोबर आहेत का, आणि नसतील तर काय म्हणायचं.

आजोबांना जे खटकलं तेच मलाही खटकलं. मराठीत अनुदान म्हटलं की पैसा सरकारकडून संस्थेकडे येतो, 'शंभर टक्के अनुदानित', 'विनाअनुदानित' हे शब्द तर आपल्याकडे प्रत्येक शिक्षकाच्या घरात ऐकू येतात. आणि इथे प्रकार बरोबर उलटा आहे, इथे देणारी युनिव्हर्सिटी आहे. ती आपल्या मैदानावरच्या मॅचेस टीव्हीवर दाखवायचा हक्क ठरावीक वर्षांसाठी कॉन्फरन्सच्या नावावर लिहून देते, कॉन्फरन्स सगळ्यांचे हक्क एकत्र करून चॅनलला विकते आणि पैसे वाटून देते. मेख अशी की मुदत संपायच्या आत युनिव्हर्सिटी कॉन्फरन्स सोडून गेली तरी तिच्या घरच्या मॅचेसचे हक्क जुन्या कॉन्फरन्सकडेच राहतात. मग नवीन कॉन्फरन्सला तिला घेऊन करायचंय काय, दाखवायला मॅचच नाही.

हे वाचताना मला आमच्या काकांची कलमं आठवली. कोकणात आंब्याची बाग करारानं द्यायची पद्धत आहे, पाच-सात वर्षांचे पैसे ठरतात, फवारणी राखण सगळं घेणारा करतो आणि आंबा त्याचा. आमच्या अंगणातलं एक कलम असंच करारात गेलेलं, पिकलेला आंबा पायरीवर येऊन पडायचा आणि काकू तो उचलून, पदराला पुसून, करारवाल्याच्या खोक्यात ठेवायच्या, आम्ही पोरं बघत बसायचो. झाड आपलं, अंगण आपलं, पण मुदत संपेपर्यंत फळ त्याचं. मधेच घर विकलं असतं तरी फळ त्याचंच राहिलं असतं. ग्रँट ऑफ राइट्स म्हणजे तंतोतंत हे.

आणि यासाठी आपल्याकडे शब्द तयार आहे, पट्टा. भाडेपट्टा, नव्व्याण्णव वर्षांचा पट्टा, यात मालकी जात नाही पण मुदतीपुरता उपभोग जातो. म्हणून मी म्हणेन 'हक्कांचा पट्टा', किंवा सरळ 'हक्क मुदतीवर लिहून देणं'. 'हक्कसोड' इथे चालणार नाही कारण हक्कसोडपत्र केलं की ते कायमचं. आणि 'अधिकार'पेक्षा 'हक्क' बरा, वापरात दोन्ही मिसळलेत हे खरं पण विकता येतो, वाटून घेता येतो तो हक्क, वारसाहक्क म्हणतो आपण. पेपरवाले 'प्रक्षेपण हक्क' म्हणतात ते अगदी योग्य आहे, 2022 मध्ये आयपीएलचे पाच वर्षांचे हक्क 48,390 कोटींना गेले तेव्हा सगळीकडे हाच शब्द होता.

चॅनलच्या बाजूने बघितलं तर 'मक्ता' सुद्धा बसतो. ठरलेली रक्कम देऊन उत्पन्नाचा हक्क घेतला तो मक्ता, घेणारा मक्तेदार. अरबीत याचं मूळ 'कापणे' असं आहे, गझलेतला शेवटचा शेर मक्ता म्हणतात तोही त्याच धातूवरून. पण आज 'मक्तेदारी'ला एकाधिकाराचा वास लागलाय त्यामुळे मी जपून वापरेन, कारण तिथे एकच मक्तेदार नाहीये. बिग टेन नावाच्या कॉन्फरन्सनं 2022 मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी अशा तीन चॅनलशी मिळून सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरच्या वरचा करार केला.

आता 'पुनर्रचना'. हा शब्द मला जास्त खुपतो. रचना म्हटली की रचणारा आला, मतदारसंघांची पुनर्रचना आयोग करतो, राज्य पुनर्रचना दिल्लीतून झाली. तिथे असा वर बसलेला कोणीच नाही. 1984 पर्यंत टीव्हीवर कुठली मॅच दाखवायची हे एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या खेळांची देशभरातली संस्था, ठरवायची, मग ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या युनिव्हर्सिटींच्या बाजूने सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला आणि तो ताबा गेला. त्यानंतर ज्याला जिकडे जास्त पैसे दिसले तो तिकडे. 'फेरजुळणी' मी आधी सुचवणार होतो पण जुळणी म्हटलं की छापखान्यातली अक्षरजुळणी, तिथेही खिळे जुळवणारा जुळारी असतोच. म्हणून एका युनिव्हर्सिटीपुरता 'गटबदल' म्हणा, पक्षबदल हवाबदल म्हणतो तसं, आणि सगळ्या प्रकाराला 'गटबदलांची लाट'. कॉन्फरन्सला मात्र कॉन्फरन्सच राहू द्या, ती कॉन्फरन्स. परिषद म्हटलं की जिल्हा परिषद नाहीतर साहित्य परिषद डोळ्यासमोर येते, आणि संघ म्हणजे आपल्याकडे टीमच.

बर्कलीचं काय झालं ते या शब्दांत सांगून बघा. बर्कली होती पॅक-12 मध्ये, पश्चिम किनाऱ्याची जुनी कॉन्फरन्स. तिच्या मेंबरांचा हक्कांचा पट्टा 2024 ला संपत होता आणि नवीन करार काही जमेना, म्हणजे कोणीच बांधलेलं नव्हतं. यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजलिसच्या दोन युनिव्हर्सिटी 2022 मध्येच बिग टेनला जातो म्हणाल्या, 2023 च्या जुलै-ऑगस्टमध्ये ओरेगन, वॉशिंग्टन पण तिकडे, चार जण बिग 12 या कॉन्फरन्सकडे, आणि बारातले दोनच उरले, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. बर्कली आणि स्टॅनफर्ड गेले एसीसीमध्ये, म्हणजे अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये, तेही सुरुवातीची काही वर्षं कमी वाटा घ्यायचं कबूल करून. त्यांच्याबरोबर एसीसीत गेलेल्या डॅलसच्या एसएमयू युनिव्हर्सिटीनं तर टीव्हीच्या पैशातला वाटा नऊ वर्षं सोडला. (नावातल्या आकड्यांनी गोंधळू नका, बिग टेनमध्ये आता 18 आहेत आणि बिग 12 मध्ये 16. आपल्या पंचायतीत तरी कुठे पाचच असतात.)

एसीसीमध्ये मात्र पट्टा पक्का होता, 2013 ला लिहिलेला आणि मग 2036 पर्यंत वाढवलेला. तोच तोडायला फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटी 2023 च्या डिसेंबरात कोर्टात गेली, मागोमाग क्लेमसन, आणि 2025 च्या मार्चमध्ये तडजोड झाली. आजोबांनी विचारलेलं कोर्ट ते हेच. टेक्सस आणि ओक्लाहोमाला बिग 12 ची मुदत संपायच्या एक वर्ष आधी बाहेर पडायचं होतं, तर दोघांनी मिळून दहा कोटी डॉलर मोजले.

तेव्हा ताई, आजोबांना एवढंच सांगा: "जुन्या कॉन्फरन्सचा पट्टा संपला, पुढचा करार जमला नाही, सगळे पांगले, आणि नातीच्या कॉलेजनं जागा मिळाली तिकडे हक्क लिहून दिलेत, 2036 पर्यंत." कलमं करारानं दिलेली त्यांनी बघितली असतील तर पुढचं तेच तुम्हाला समजावतील.