पहिल्या सेमिनारला उभं राहण्याआधी

तुझ्या पंचवीस स्लाइड्स पाहिल्या. वीस मिनिटांत त्या होणार नाहीत, बारा-तेराच ठेव. पहिल्या सात तर दुसऱ्यांच्या संशोधनावरच गेल्यात, त्या दोनवर आण.

विषय खाडीकाठच्या काँक्रीटचा आहे ना, मग सुरुवात वाशीच्या खाडी पुलापासूनच कर. पहिला पूल १९७३ चा, दुसरा १९९७ चा. ऐकणाऱ्यांपैकी निम्मे त्या खाडीवरून ये-जा करणारे असतील. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोचतं, तिच्यावरचा संरक्षक थर फोडतं आणि गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून तडकतं. एवढं समोरच्याला नीट कळलं की तुझे ग्राफ तो मन लावून बघेल.

ग्राफच्या अक्षांवर युनिट्स लिही. नमुने किती तपासले, हे बाहेरचे परीक्षक विचारतातच. मला विचारलं तेव्हा आकडा वहीत होता, तोंडावर नव्हता. फार लागलं होतं ते. नमुने कमी असतील तर आधीच सांग, लपवू नकोस. उत्तर येत नसेल तर सरळ म्हण, ‘सर, हे मी तपासलेलं नाही.’

शनिवारी नेरुळला घरी ये. घड्याळ लावून एकदा पूर्ण बोलून दाखव, मी मधे थांबवणार नाही.