‘बँडच तर मोडला ना, त्यात एवढं काय?’

“मॅडम, मुलगा दहावीला आहे. मित्रांचा बँड होता, तो जुलैमध्ये मोडला. तेव्हापासून धड जेवत नाही, घरात कोणाशी बोलत नाही, काही विचारलं की अंगावर येतो. बँडच मोडलाय ना, कोणी गेलं तर नाही! हे नॉर्मल आहे, की आम्हाला न कळणारं काही आत चाललंय?”

गणपती झाल्यावर लगेच माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका आईने विचारलेला हा प्रश्न. कोथरूडचं कुटुंब. आई बँकेत, बाबा आयटीत, घरात आजी. मुलाला इथे ईशान म्हणू. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि हे लिहायला त्याची व घरच्यांची परवानगी आहे. असाच प्रश्न कधी नाटकाच्या ग्रुपवरून येतो, कधी क्रिकेटच्या टीमवरून, कधी पहिलीपासूनच्या तीन मैत्रिणींमधली एक बाहेर पडली म्हणून. बँड म्हटलं की पालक जास्त धास्तावतात. रॉक म्हणजे पुढे व्यसनं, हे समीकरण आपल्याकडे अजून पक्कं आहे. ईशान बाहेर बसलेला असताना बाबांनी आवाज उतरवून विचारलंच, “ड्रग्ज वगैरे काही नसेल ना?”

तसं काही नव्हतं. पण धोका आहे का, हे मी आधी पाहते. झोप, भूक, शाळा, आणि स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का, हेही थेट विचारते. विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार शिरतो, ही पालकांची भीती खरी नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून मुलं मोकळी होतात. जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ, किमान दोन आठवडे उदास वाटत असेल किंवा कशातच रस उरला नसेल, तर नैराश्याची शंका घ्यायची. या वयात उदासीच्या जागी नुसती चिडचिडही दिसते. ईशानची चिडचिड भरपूर होती. पण रविवारी तो फुटबॉलला जात होता, मावसभाऊ आला की खिदळत होता. आणि आजीने एक गोष्ट सांगितली, जी आईबाबांना माहीतच नव्हती. रात्री दार लावून तो अँपला, म्हणजे अँप्लिफायरला, न जोडता इलेक्ट्रिक गिटार वाजवत बसतो. “तारांची नुसती किणकिण येते हो, तासभर.”

ज्याला कशातच रस उरलेला नाही, तो तासभर गिटार वाजवत नाही. हे दुःख होतं. आजार नव्हता.

ईशानला मी सुरुवातीलाच सांगितलं, की जिवाला धोका असेल तेवढंच घरी सांगेन, बाकी सगळं या खोलीत राहील. पहिल्या भेटीत “त्यांनी तोडला” एवढं एकच वाक्य मिळालं. दुसऱ्या वेळी मी बँड मोडल्याचं काढलंच नाही, जमला कसा ते विचारलं. मग पोरगं बोलायला लागलं.

नववीत असताना सोसायटीच्या गणपतीत कार्यक्रम हवा होता. फॅन्सी ड्रेस आणि संगीत खुर्ची यांना मोठी मुलं कंटाळली होती. ईशान आणि ओजस बालवाडीपासूनचे मित्र. ईशान गायचा आणि रिदम गिटार, ओजस लीड गिटार. शेजारच्या इमारतीतला एक ड्रमर, वर्गातला एक बेस वाजवणारा. चार गाणी बसवली. प्रॅक्टिस पार्किंगमध्ये. चेअरमन काकांनी दहा वाजताच्या नियमावर बोट ठेवून बंद पाडली, संध्याकाळी सहा वाजता! (लाउडस्पीकरवरची बंदी रात्री १० ते सकाळी ६ अशी आहे. पण निवासी भागात दिवसाचीही मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि ड्रम किट सहज शंभरीच्या आसपास जातं, तेव्हा काका अगदीच चूक होते असं म्हणवत नाही.) मग तासाने भाड्याची जॅम रूम, त्यासाठी चौघांनी जमवलेला पॉकेटमनी. कार्यक्रम जोरात झाला. डिसेंबरच्या गॅदरिंगला शाळेने बोलावलं. तिथे त्यांनी पहिल्यांदा स्वतःचं गाणं वाजवलं, मराठी, शब्द ईशानचे आणि चाल ओजसची. त्याचा व्हिडिओ अख्ख्या शाळेत फिरला. दुसऱ्या शाळेतल्या मुली ‘तूच ना तो?’ म्हणून विचारायला लागल्या. फेब्रुवारीत एका कॅफेने वाजवायला बोलावलं, चार हजार रुपये दिले.

हे सांगताना तो खुर्चीत सरळ बसला होता. पंधराव्या वर्षी ‘मी कोण’ या प्रश्नाला इतकं नेमकं उत्तर फार थोड्यांना मिळतं. शाळेत तो ‘बँडवाला ईशान’ होता. शिक्षक त्याच नावाने हाक मारायचे.

मोडायला काय कारण झालं? पालकांच्या मते दहावी. सुट्टीतल्या बॅचेस सुरू झाल्या, चौघांचे चार क्लास, चौघांच्या वेळा चार. त्यात ड्रमर ढोल-ताशा पथकात गेला. गणपतीच्या दोनेक महिने आधी सराव सुरू होतो. ताशा उचलून घेणारा हात पथकाला हवाच असतो आणि ड्रमरचे हात तयारच असतात. तो गेला यात कोणाचा राग नव्हता. पुण्यात पावसाळ्यात हे व्हायचंच.

खरं कारण ईशानच्या गळ्यात होतं. मुलांचा आवाज साधारण १२ ते १५ या वयात फुटतो, काहींचा थोडा उशिरा. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो आणि तिथे नीट बसायला काही महिने जातात. ईशानचा आवाज कॅफेतल्या कार्यक्रमाच्या सुमारास फुटायला लागला. वरच्या सुरावर तो लोकांसमोर फाटला. कोणी हसलं नाही, पण ओजसने वळून पाहिलं. ते वळून पाहणं ईशानने मला तीन वेळा सांगितलं.

घरात हे फक्त आजीला कळलं होतं. तरुणपणी ती गाणं शिकली होती. “काळी चारमध्ये गाणारं पोर काळी एकवर आलं. पट्टी उतरवा म्हणावं, रडायचं काय त्यात!” शास्त्रीय गाण्याच्या घरात हे साधं आहे, गुरुजीच पट्टी, म्हणजे गाण्याचा आधारसूर, बदलून देतात. बँडमध्ये गुरुजी नसतात. त्यांच्या गाण्याचा रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारा गिटारचा तुकडा, गिटारच्या सगळ्यात खालच्या मोकळ्या तारेवर बेतलेला होता. पट्टी उतरवायची तर सगळ्या तारा उतरवून ट्यून करा, नाहीतर रिफच नव्याने बसवा. ओजस म्हणाला, मजा जाईल. ईशान म्हणाला, बरं. दोघंही मनातलं बोलले नाहीत.

मग जूनमध्ये ईशानला एका मित्राच्या स्टेटसवर प्रॅक्टिसचा व्हिडिओ दिसला. ड्रमरऐवजी कहॉनवर, म्हणजे वर बसून हाताने वाजवायच्या लाकडी खोक्यावर, कोणीतरी नवा, आणि गात होती दुसऱ्या तुकडीतली मुलगी. गाणं त्याचं होतं.

तिसऱ्या भेटीत उरलेलं बाहेर आलं. जुलैत कधीतरी रात्री अकराला त्याने ग्रुपवर ओजसला उद्देशून लिहिलं, त्याच्या बाबांची नोकरी गेल्यावरून. ओजसने ते फक्त त्याला विश्वासात घेऊन सांगितलं होतं. लिहिलं आणि ग्रुप सोडला. सकाळी सगळ्यांनी वाचलं होतं. ‘त्यांनी तोडला’ हे वाक्य तो दोन महिने घरी सांगत होता, कारण दुसरं वाक्य तोंडातून निघत नव्हतं.

आईने विचारलेल्या ‘आत काही चाललंय का’ याचं उत्तर हे. बँड गेला, त्याबरोबर शाळेतली ओळख गेली, गळ्यातला जुना आवाज गेला, बालपणीचा मित्र गेला, आणि त्यातलं शेवटचं आपण स्वतः घालवलं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वर घरात “बरं झालं, दहावीचं वर्ष आहे.” केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकांनी १९८९ मध्ये एक कल्पना मांडली: काही दुःखांना समाज दुःख म्हणून मान्यताच देत नाही, त्यांना सुतक नाही, भेटायला येणारं कोणी नाही, म्हणून ती जास्त काळ ठुसठुसतात. शाळेतल्या बँडचं दुःख त्यातलंच. यंदाच्या गणपतीत तर सोसायटीतले काका त्याला दर दोन दिवसांनी विचारत होते, “काय रे, यंदा बँड नाही?”

आईबाबांनी काय केलं होतं, तेही सांगते, कारण बहुतेक पालक हेच करतात. आईने बाकीच्या तिघांच्या आयांना मेसेज टाकला होता, “मुलांना एकत्र बसवू या का?” मनापासून केलं होतं, मुलांच्या दृष्टीने यापेक्षा लाजिरवाणं दुसरं काही नाही. बाबांनी अँप माळ्यावर ठेवला होता, ९० टक्के मिळाले की परत. आणि धीर द्यायला ते म्हणाले होते, “अरे, बीटल्ससुद्धा १९७० मध्ये तुटले.” ईशान मला म्हणाला, “त्यांनी आधी बीटल्स होऊन तर दाखवलं.”

यावर मी त्याला बीटल्सच्याही आधीची गोष्ट सांगितली. जॉन लेननने १९५६ मध्ये लिव्हरपूलमध्ये शाळेतल्या मित्रांचा बँड काढला, क्वारीमेन. त्यात पीट शॉटन नावाचा त्याचा जिवलग दोस्त कपडे धुवायचा पत्रा, वॉशबोर्ड, वाजवायचा. त्याला वाजवण्यात फारसा रस नव्हता. शेवटी लेननने तो वॉशबोर्ड त्याच्याच डोक्यावर आपटला आणि शॉटनची बँडमधली कारकीर्द तिथे संपली. मैत्री मात्र लेनन असेपर्यंत टिकली. ईशानने पटकन विचारलं, “डोक्यात आपटूनसुद्धा?” त्यानंतर पहिल्यांदाच आम्ही बँड आणि ओजस या दोन गोष्टी वेगवेगळ्या धरून बोलू शकलो.

बँड परत जमवायचा का, यावर मी मुद्दाम काही बोलले नाही. त्याला करायचं होतं ते एवढंच, की ओजसची माफी मागायची. आम्ही ती लिहून पाहिली. पहिल्या मसुद्यात चार ओळी माफी आणि अर्धं पान स्टेटसवरच्या व्हिडिओची तक्रार होती. तक्रार खोटी नव्हती. मी म्हटलं, ती वेगळ्या दिवशी कर. शेवटी तीन वाक्यं राहिली. ती मेसेजवर पाठवायची नाहीत, ग्रुपवर तर नाहीच, हे त्याचं त्यानेच ठरवलं. क्लास सुटल्यावर वडापावच्या गाडीपाशी सांगितलं. ओजस “ठीक आहे” म्हणाला आणि निघून गेला. ईशान दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला तो रागावून. मी त्याला सांगितलं की माफी मागणं आपल्या हातात असतं, मिळणं नसतं, आणि ओजसलाही वेळ लागणार. हे ऐकून त्याला काही बरं वाटलं नाही. वाटणारही नव्हतं.

काही आठवड्यांनी ओजसनेच विषय काढला, गाण्याचा. हे गाणं कोणाचं? दोघांनी मिळून ठरवलं: कोणीही वाजवावं, पण वाजवताना दोघांची नावं सांगायची. स्टेटसवरच्या व्हिडिओचं बोलणंही त्याच वेळी झालं, भांडत, पण समोरासमोर. बँड झाला नाही. ओजस आता दुसऱ्यांबरोबर वाजवतो, ती मुलगी तिथे गाते. क्लासमध्ये हे दोघं कधी एका बाकावर असतात, कधी नाही.

घरच्यांना मी मोजकंच सांगितलं. ‘बरं झालं’ आणि ‘दुसरा बँड काढ’ ही दोन्ही वाक्यं सध्या बंद. बाकीच्या आयांशी बोलणं बंद. अँप खाली काढा, दहावीच्या वर्षात रोज अर्धा तास वाजवल्याने टक्के जात नाहीत. दार लावून दुःखात घालवलेल्या तासाने जातात. आजीला मात्र मी म्हटलं, तुम्ही पट्टीचं बोला त्याच्याशी. आता ती पेटी काढते, तो कुरकुरत बसतो. त्याच्या नव्या आवाजात कुठली पट्टी बसते, ते दोघं शोधताहेत.

हे वाचणाऱ्या पालकांसाठी एवढंच, की सगळे ईशान नसतात. मूल दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रमत नसेल, आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल, झोप उडाली असेल किंवा मरणाबद्दल चेष्टेतसुद्धा बोलत असेल, तर वाट पाहू नका. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मुलांसाठीचा १०९८ आहे.

दिवाळीनंतर ईशानचे बाबा एकटेच आले. सुरुवातीला ड्रग्जचं विचारणारे हेच. मोबाइलवर यूट्यूबचं पान उघडून म्हणाले, “मॅडम, त्याला चॅनल काढून द्यावं म्हणतोय. चांगला माइकही बघून ठेवलाय. काय वाटतं?”

“त्याला विचारलंत का?”

“नाही, अजून नाही.”