फॉर्म स्क्रीनबाहेर का जातो? अ‍ॅक्सेसविषयी वाचकांचे प्रश्न

दुकानाचा साठा, पतसंस्थेची खाती, शाळेचे दाखले अशा कामांसाठी मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस हा डेटाबेस प्रोग्रॅम वापरणाऱ्यांची एकच तक्रार वारंवार येते: फॉर्म, म्हणजे माहिती भरण्याची खिडकी, हवा तिथे आणि हवा तेवढा उघडत नाही. म्हणून या वेळी सगळी उत्तरे याच विषयावर.

प्रश्न : फॉर्म दर वेळी मधोमध उघडावा यासाठी कोणता कोड लिहावा?

कोणताच नाही. फॉर्मच्या प्रॉपर्टी शीटमध्ये (गुणधर्मांच्या यादीत) ‘ऑटो सेंटर’ला ‘येस’ करा.

प्रश्न : जुने फॉर्म नव्या डेटाबेस फाइलमध्ये आणले. आता फॉर्मची जागा आणि आकार ठरवणारी मूव्हसाइझ ही आज्ञा चालत नाही, फॉर्म सगळी जागा व्यापतो. नव्या ऑफिसमधून ही सोय काढली असे ऐकले.

चुकीचे ऐकलेत. अ‍ॅक्सेस २००७ पासून नव्या फाइलमध्ये फॉर्म टॅबमध्ये उघडतात आणि टॅबमधल्या फॉर्मला स्वतःचा आकार नसतो. ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘करंट डेटाबेस’ इथे जाऊन ‘ओव्हरलॅपिंग विंडोज’ निवडा, मग फाइल बंद करून पुन्हा उघडा. हा बदल त्या फाइलमधल्या सगळ्या फॉर्मना लागू होतो, तेव्हा आधी फाइल बनवणाऱ्याला विचारा.

प्रश्न : एक फॉर्म मॅक्सिमाइझ केला की बाकीचेही मोठे होतात.

ओव्हरलॅपिंग विंडोजमध्ये तसेच होते. जो फॉर्म लहान राहायला हवा, त्याच्या प्रॉपर्टी शीटमध्ये ‘पॉप अप’ ‘येस’ करा.

प्रश्न : मूव्हसाइझचे आकडे तेच, तरी दोन फॉर्म वेगवेगळ्या जागी उघडतात.

पॉप अप फॉर्मची जागा स्क्रीनच्या कोपऱ्यापासून मोजली जाते, साध्या फॉर्मची अ‍ॅक्सेसच्या खिडकीपासून. शिवाय मूव्हसाइझ त्या क्षणी जी खिडकी सक्रिय असेल तिलाच हलवते. फॉर्मच्या कोडमध्ये ‘मी.मूव्ह’ वापरा, ते त्याच फॉर्मवर चालते.

प्रश्न : माझ्या मॉनिटरवर फॉर्म व्यवस्थित दिसतो, पण ऑफिसच्या लॅपटॉपवर ‘सेव्ह’चे बटण खाली दडते. विक्रेता म्हणतो, सगळ्यांना फुल एचडी लॅपटॉप घ्या किंवा आमचे रीसाइझ टूल विकत घ्या.

दोन्हीचे पैसे तूर्त खिशातच ठेवा.

अ‍ॅक्सेस आकार पिक्सेलमध्ये मोजत नाही, ट्विपमध्ये मोजतो. एका इंचात १४४० ट्विप, एका सेंटिमीटरमध्ये सुमारे ५६७. विंडोजचे स्केलिंग (पडद्यावरचे सगळे मोठे करून दाखवण्याचे प्रमाण) १०० टक्के असेल तर एका पिक्सेलचे १५ ट्विप होतात, १५० टक्क्यांवर फक्त १०. आता हिशेब करा. जुना १३६६ बाय ७६८ चा पडदा १०० टक्क्यांवर २०,४९० ट्विप रुंद आणि ११,५२० उंच. नवा १९२० बाय १०८० चा लॅपटॉप १५० टक्क्यांवर १९,२०० रुंद आणि १०,८०० उंच. म्हणजे महागड्या फुल एचडी लॅपटॉपवर फॉर्मला जागा कमीच मिळते! त्यातून रिबन आणि टास्कबार आपला वाटा घेतात तो वेगळाच. बनवणारा मात्र स्वतःच्या मोठ्या फुल एचडी मॉनिटरवर, १०० टक्क्यांवर, २८,८०० ट्विप रुंद ऐसपैस जागेत फॉर्म आखतो, तेच आकडे कोडमध्ये ठोकतो आणि फाइल पाठवून मोकळा होतो. काउंटरवरचा कर्मचारी मग दिवसभर बटण शोधत बसतो. याचा मला मनापासून राग येतो, कारण हे टाळणे अवघड नाही.

ऑफिसातला सगळ्यांत अपुरा पडदा शोधा, त्याचे स्केलिंग बघा आणि फॉर्म त्याच मापाने आखा. महत्त्वाची बटणे फॉर्म हेडरमध्ये, वरच्या बाजूला ठेवा. रकाने जास्त असतील तर टॅब कंट्रोलमध्ये वाटा. मोठ्या पडद्यावर सबफॉर्म (फॉर्मच्या आतला फॉर्म) पसरावा असे वाटत असेल तर ‘हॉरिझॉन्टल अँकर’ आणि ‘व्हर्टिकल अँकर’ला ‘बोथ’ करा. अँकरने चौकट ताणली जाते, अक्षरे मोठी होत नाहीत. अक्षरेही वाढायला हवी असतील तर कोड लागतो. तो विकत घेण्याआधी तुमच्याच लॅपटॉपवर, तुमच्याच फॉर्मवर चालवून दाखवायला सांगा आणि जाणकाराला सोबत बसवा.

प्रश्न : इंटरनेटवरून घेतलेला आकार बदलण्याचा कोड नव्या संगणकावर चालत नाही.

नव्या संगणकावर ६४ बिट ऑफिस असणार. जुन्या कोडमधल्या विंडोजच्या ‘डिक्लेअर’ ओळींना तिथे ‘पीटीआरसेफ’ हा शब्द लागतो. पण नुसता तो शब्द चिकटवून भागत नाही, काही ठिकाणी ‘लाँग’चे ‘लाँगपीटीआर’ करावे लागते. चुकले तर अ‍ॅक्सेस धाडकन बंद पडतो. प्रोग्रॅमरकडून करून घ्या.

प्रश्न : सहा जण सर्व्हरवरची एकच फाइल उघडतात. ती दोनदा बिघडली. फॉर्मचे डिझाइन चालू कामातच बदलू का? फाइलच्या विभागणीचे मार्चनंतर बघू म्हणतो.

चालू कामात अजिबात नको आणि मार्चपर्यंत थांबणेही नको. दोनदा बिघडलेली फाइल तिसऱ्यांदा ऐन वर्षअखेरीस बिघडली तर काय कराल? आज संध्याकाळी सगळ्यांना बाहेर पडायला सांगा आणि फाइलची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. मग जाणकाराला बोलावून फाइलचे दोन भाग करून घ्या: टेबले सर्व्हरवर, फॉर्मची फाइल प्रत्येकाच्या संगणकावर. डिझाइन त्यानंतर, तुमच्याकडच्या प्रतीत बदला.