गृहकर्जाचा हप्ता कमी करून हवा आहे, बँक उत्तरच देत नाही

प्रश्न : नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सुपरवायझर आहे, वय ३८. ओव्हरटाइम बंद झाल्याने घरी येणारा पैसा बराच घटला. पाथर्डी फाट्यावरच्या फ्लॅटचं २२ लाखांचं कर्ज बाकी आहे, मुदत अजून १४ वर्षं. मुदत वाढवून हप्ता कमी करा असा अर्ज शाखेत दिला, पण 'फाईल वर पाठवली आहे' यापलीकडे उत्तर मिळत नाही. दोन हप्ते थकले आहेत. मेहुणे म्हणतात, खातं एनपीए (बँकेच्या लेखी बुडीत) होऊ द्या, बँक आपणहून सेटलमेंटला, म्हणजे कमी पैशांत कर्ज मिटवायला, येईल. बँकेला वकिलाची नोटीस द्यावी का?

उत्तर : नोटीस आत्ता नको. मेहुण्यांचा सल्ला तर मुळीच नको.

अर्ज बँकेत पडून असला म्हणून थकबाकीचे दिवस थांबत नाहीत. रक्कम ९० दिवसांपेक्षा जास्त थकली की खातं एनपीए होतं, आणि एकदा झालं की सगळी थकबाकी भरल्याशिवाय ते पुन्हा नियमित होत नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये हे स्पष्टच केलं आहे. आज मात्र एक पूर्ण हप्ता भरलात, तर तो साधारणपणे सगळ्यात जुन्या थकीत हप्त्यात जमा होतो आणि महिनाभराची सवड मिळते. भिशी मोडा, सोनं गहाण ठेवा, पण तिसरा हप्ता चुकण्याआधी एक तरी भरा. राहिली सेटलमेंटची गोष्ट. पाथर्डी फाट्यावरचा फ्लॅट लिलावात विकला जातो हे बँकेला ठाऊक असतं, मग ती पैसे कशाला सोडेल? एकरकमी तडजोड कर्जदाराने हक्क म्हणून मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बिजनौर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेच्या प्रकरणात सांगितलं आहे.

आता फाईल. अर्जाच्या प्रतीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक आहे का? नसेल तर कायद्याच्या दृष्टीने तुम्ही अर्ज दिलाय हेच सिद्ध करणं कठीण. नवीन अर्ज लिहा आणि पोच घ्या. सोबत सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, ओव्हरटाइम बंद झाल्याचं कंपनीचं पत्र आणि खात्याचा उतारा जोडा. पत्नी सहकर्जदार असतील तर त्यांची सही हवीच. एवढ्या एका सहीसाठी फायली परत आलेल्या मी पाहिल्या आहेत. आणि 'हप्ता कमी करावा ही विनंती' असं मोघम लिहू नका. किती वर्षं वाढवून हवीत, किती हप्ता झेपेल, ते आकड्यात लिहा. व्याज ८ टक्के धरलं तर १४ वर्षांना हप्ता सुमारे २१,८०० पडतो, २० वर्षांना सुमारे १८,४००. महिन्याला ३,४०० वाचतात, पण शेवटपर्यंत साडेसात लाखांच्या आसपास जास्त भरावे लागतात. सही करण्याआधी हा हिशेब घरात बसून करा. २० वर्षांनी तुम्ही ५८ चे असाल, म्हणजे निवृत्तीच्या वयाची अडचण सहसा येणार नाही.

त्याआधी एक सोपी वाट तपासा. तुमचं कर्ज फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजदराचं, आहे का? फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) ६.५० टक्क्यांवरून ५.५० वर आला. दर उतरला की बँका बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात. तुमच्याही खात्यात तसं झालं असेल, तर मुदत पूर्ववत करून हप्ता उतरवा, असं लिहून मागा. अडचणीतल्या कर्जाची पुनर्रचना केली की 'रिस्ट्रक्चर्ड' असा शेरा सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, दिसू शकतो. व्याजदर बदलल्याने हप्ता उतरवणं ही निराळी बाब आहे, म्हणून अर्जात 'पुनर्रचना' हा शब्द घाईने घालू नका.

पोच घेतलेल्या अर्जाला आठ-दहा दिवसांत हालचाल दिसली नाही, तर बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही. मुदत वाढवून द्याच, असा आदेश लोकपाल सहसा देणार नाहीत, तो बँकेचा व्यावसायिक निर्णय. तक्रार करायची ती अर्ज लोंबकळत ठेवल्याची. 'साहेबांशी सेटिंग आहे' म्हणत पैसे मागणारे एजंट भेटतील, त्यांना दारातूनच परत पाठवा.

एवढं करूनही खातं एनपीए झालं आणि २००२ च्या सरफेसी कायद्याखाली (तारण मालमत्ता कोर्टात न जाता ताब्यात घ्यायची मुभा बँकेला देणारा कायदा) कलम १३(२) ची नोटीस आली, तर पैसे भरायला ६० दिवस असतात. तेवढ्यात लेखी हरकत घ्या, आवक क्रमांकाचा अर्ज तिला जोडा. बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. त्यानंतर बँकेने ताब्याची कारवाई केली, तर ऋण वसुली न्यायाधिकरणात जायला ४५ दिवस मिळतात. पण वकील गाठायचा तो नोटीस हातात पडेल त्याच आठवड्यात, अठ्ठावन्नाव्या दिवशी नव्हे.