कोलकात्याला बदली झालीये, मुलीला लोरेटोत घालू का?

नागपूरहून एका आईचं पत्र आलंय. मिस्टर रेल्वेत, बदली सियालदाला, मुलगी सातवीत, सेमी इंग्लिशला. क्वार्टरपासून जवळ म्हणून सियालदाच्या लोरेटो डे स्कूलची चौकशी केली, तर कळलं की तिथल्या मुली फूटपाथवरच्या पोरांना शिकवतात, आणि तेव्हापासून घरात रोज वाद चाललाय. सासूबाई म्हणतात नन लोकांची शाळा, पोर आपले संस्कार विसरेल. मिस्टर म्हणतात आठवीपासून जेईईचं फाउंडेशन लावायचंय, असल्या कामाला वेळ कुठून आणायचा. आणि पत्राच्या खाली मुलीने स्वतः दोन ओळी लिहिल्यात, मला टीचर नाही व्हायचं, मला प्राण्यांवर रिसर्च करायचाय, मग मी त्या शाळेत कशाला जाऊ?

ताई, मी लेकीच्या दोन ओळींपासूनच सुरुवात करते. तिला सांगा की ज्या बाईंनी हे शिकवायचं काम त्या शाळेत सुरू केलं ना, सिस्टर सिरिल मूनी, त्यांची स्वतःची पीएच.डी. प्राणिशास्त्रातली. आयर्लंडच्या, १९५६ ला भारतात आल्या आणि १९७९ ला सियालदाच्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. शाळेच्या गेटबाहेर स्टेशन, फूटपाथ, त्यावर राहणारी पोरं आणि आत गणवेशातल्या मुली. त्यांनी गेट उघडलं. रेनबो म्हणतात त्या कार्यक्रमाला. पोर आलं की शाळेतली एक मुलगी त्याच्याबरोबर बसणार, एकाला एक, आणि हे सुट्टीतलं पुण्यकर्म नाही बरं का, शाळेच्या टाइमटेबलमधलं काम आहे. पुढे ज्यांना रात्री जायला जागा नाही त्या मुलींची राहायची सोय शाळेच्याच गच्चीवर झाली. त्यांच्या काळात शाळेतल्या जवळपास निम्म्या मुली फी न भरता शिकत होत्या, एकाच बाकावर. २००७ ला त्यांना पद्मश्री मिळाली.

आता मिस्टरांचा प्रश्न, वेळ वाया जाईल का. इथं मी माझंच सांगते. मी पुण्यात नन्सच्याच शाळेत शिकले. नववीत आमच्या सिस्टरने मला शाळेत काम करणाऱ्या मावशींच्या मुलीला गणित शिकवायला बसवलं, मला गणितात नव्वदच्या वर मार्क पडायचे म्हणून. एक छेद दोन अधिक एक छेद तीन. मी धडाधड लसावि काढून पाच छेद सहा लिहून मोकळी, तर ती म्हणाली, ताई, वरती एक आणि एक दोन, खाली दोन आणि तीन पाच, मग दोन छेद पाच का नाही? आणि मला उत्तर येईना. खरंच येईना. रीत पाठ होती, ती तशी का हे कधी कोणी विचारलंच नव्हतं. शेवटी डब्यातली पोळी काढली, अर्धी केली, दुसऱ्या पोळीचा तिसरा हिस्सा काढून त्या अर्धीला जोडला, आणि तीच म्हणाली, अय्या, दोन छेद पाच तर अर्ध्याहून पण कमी होतं, अर्ध्यात भर घातल्यावर कमी कसं होईल! त्या दिवशी अपूर्णांक तिच्याबरोबर मलाही कळले.

हे मी का सांगतेय, तर माझ्याकडे अकरावीत येणारी कितीतरी मुलं अशी असतात की चार वर्षं फाउंडेशन केलंय, फॉर्म्युले तोंडपाठ आहेत आणि प्रश्न जरा फिरवून विचारला की अडतात, कारण त्यांनी आयुष्यात कोणाला काही समजावून सांगितलेलं नसतं. जेईईचा पेपर असाच फिरवून विचारतो. आणि रिसर्च म्हणजे तरी काय, लहान मुलासारखं का, का, का विचारत बसणं आणि मिळालं ते दुसऱ्याला कळेल असं मांडणं. म्हणून आठवड्यातले ते तास मी वेळेच्या खर्चात धरत नाही, अभ्यासातच धरते. क्लास लावायचाच असेल तर नववीपासून लावा, हरकत नाही, आठवीत तिला भाषेत आणि गावात रुळू द्या.

सासूबाईंना मेरी वॉर्डची गोष्ट सांगा, त्यांना आवडेल असं वाटतं. लोरेटोची मूळ परंपरा त्यांची. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या, जन्म १५८५. १६०९ ला त्यांनी काही मैत्रिणींना घेऊन संस्था काढली आणि ठरवलं की आपण मठाच्या चार भिंतींत कोंडून राहायचं नाही, बाहेर पडून मुलींना शिकवायचं, जेझुइट पाद्री मुलांना शिकवतात तसं. त्या काळात हे चर्चलाच झेपलं नाही. १६३१ ला पोपने संस्था बंद केली आणि या बाईंना म्युनिकच्या एका मठात कैदेत ठेवलं, तर तिथून त्या मैत्रिणींना लिंबाच्या रसाने पत्रं लिहायच्या. कागद कोरा दिसायचा, ऊब दिली की अक्षरं उमटायची. संस्थापक म्हणून त्यांचं नाव अधिकृतपणे मान्य व्हायला १९०९ उजाडलं. म्हणजे ही शाळा ज्यांच्या परंपरेतून आली त्यांना मुलींना शिकवण्यापायी स्वतःच्याच धर्मातल्या मोठ्या लोकांशी झगडावं लागलं, आपल्या सावित्रीबाईंना अंगावर शेण झेलावं लागलं तसंच की हे.

लोरेटोच्या सिस्टर्स आयर्लंडहून १८४१ च्या डिसेंबरअखेर कोलकात्याला पोचल्या आणि पुढच्याच महिन्यात तिथल्या मिडलटन रो नावाच्या रस्त्यावर शाळा सुरू केली, भिडे वाड्यातल्या शाळेच्या सहा वर्षं आधी. पण हेही सांगायला हवं की सुरुवातीला तिथं मुख्यतः युरोपियन आणि ख्रिश्चन मुली होत्या, भिडे वाड्याचं काम वेगळं आणि जास्त अवघड होतं. सियालदाची शाळा १८५७ ची. जवळच एंटालीला लोरेटोच्याच शाळेत मदर तेरेसा भूगोल शिकवायच्या, १९४४ ला मुख्याध्यापिकाही झाल्या, गरिबांत काम करायला बाहेर पडल्या त्या नंतर. आणि दार्जिलिंगच्या लोरेटोत शिकलेल्या लीला सेठ हायकोर्टाच्या मुख्य न्यायाधीश झालेल्या देशातल्या पहिल्या महिला, हिमाचलला, १९९१ साली.

धर्माचं म्हणाल तर सरकारी मान्यता किंवा मदत असलेल्या शाळेला पालकांच्या संमतीशिवाय मुलीला धार्मिक शिक्षण देता येत नाही, घटनेच्या कलम २८ मध्ये आहे ते. असेंब्लीत प्रार्थना होईल, ख्रिसमसला कॅरल्स होतील, ख्रिश्चन मुलींचा धर्माचा तास असतो तेव्हा बाकीच्यांना सहसा मूल्यशिक्षण असतं. मी सगळी वर्षं सकाळी ती प्रार्थना म्हटली आणि संध्याकाळी आजीजवळ बसून रामरक्षा, दोन्ही अजून पाठ आहे.

फक्त मुलींची शाळा याची काळजी नको. लॅबमध्ये बेडकाचं मॉडेल कोणी धरायचं आणि वहीत कोणी लिहायचं ही वाटणी तिथं होत नाही, सगळं मुलीच करतात, वायर जोडण्यापासून.

माझी खरी काळजी वेगळी आहे, आणि पत्रात त्याचा उल्लेखच नाही. एक, बोर्ड. लोरेटोच्या कोलकात्यातल्या सगळ्या शाळा एका बोर्डाच्या नाहीत, काही बंगालच्या राज्य बोर्डाच्या, काही आयसीएसई. राज्य बोर्डाचं वर्ष तिकडे जानेवारीत सुरू होतं, आपलं जूनमध्ये, म्हणजे एप्रिलमध्ये सातवी संपवून गेलात तर आठवी तिथं तीन-चार महिने पुढे गेलेली असेल. बदलीची तारीख पुढेमागे करता येत असेल तर मिस्टरांना आत्ताच अर्ज करायला सांगा. दोन, सेकंड लँग्वेज. बांगला घ्यावी लागेल की हिंदी चालेल हे ऑफिसातून लेखी घ्या. तीन, सेमीतून येतेय म्हणजे गणित-विज्ञान ठीक, पण इतिहास-भूगोल इंग्रजीत पहिल्यांदा, तिथं सहा महिने दमछाक होणार, तेव्हा पहिल्या युनिट टेस्टचे मार्क बघून पॅनिक होऊ नका.

आणि शाळा बघायला जाल तेव्हा लेकीला बरोबर न्या, आणि ऑफिसात नुसती फी विचारून परत येऊ नका. आज आठवीच्या मुली आठवड्यात किती तास शिकवतात, कोणाला, आणि हे काम सध्या कोण बघतं, ते विचारा. जमलं तर तो तास पंधरा मिनिटं मागे उभं राहून बघू द्या तिला. मग घरी आल्यावर तिला काय वाटलं ते तिच्याच अक्षरात मला पाठवा, फी भरायच्या आधी.