सासू-सासऱ्यांना घेऊन जपानला: नाणी, 'हाइ' आणि दाशी

ताई, विश्रामबागेतून सत्तरीच्या सासू-सासऱ्यांना घेऊन पंधरा दिवस जपानला चाललात. रोख किती न्यावी, इंग्रजीवर भागेल का आणि शाकाहारी सासूबाईंचं काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. मी सांगलीत गावभागात राहते, लेक योकोहामाला असते. दोनदा जाऊन आले, मिळून साडेचार महिने राहिले. अनुभव तेवढाच, पण सगळा पायी फिरून घेतलेला.

आधी पैसे. आपल्याकडं भाजीवालीपुढंही मोबाइल धरायची सवय झालीय, तिच्या भरवशावर तिकडं राहू नका. मोठ्या दुकानांत आणि हॉटेलांत कार्ड चालतं. गल्लीतलं नूडल्सचं दुकान, देवळाची दानपेटी, जुनी लॉकरं इथं रोखच लागते. सगळे पैसे इथूनच बदलून नेऊ नका. थोडे येन हाताशी ठेवा आणि बाकीचे सेव्हन-इलेव्हन दुकानातल्या एटीएममधून काढा, ते इंग्रजीत बोलतं आणि परदेशी कार्ड घेतं. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशातला वापर चालू करा. तो मुळात बंदच असतो, आणि ओटीपी येणारं सिम घरी ठेवून गेलात तर तिथं काही करता येत नाही. मशीननं 'रुपयांत घ्यायचे की येनमध्ये' असं विचारलं तर डोळे झाकून येन. रुपयांत म्हटलं की दर त्यांचा लागतो, आणि तो आपल्या फायद्याचा नसतो.

नाणी मात्र जपून ठेवा. 500 येनचं नाणं म्हणजे आपले जवळपास तीनशे रुपये, आणि आमचे हे त्याला सुट्टे म्हणत होते! क्योतोच्या बसमध्ये माझी फजिती झाली ती या नाण्यांपायीच. तिथं बहुतेक बसमध्ये मागच्या दारानं चढायचं, उतरताना पुढं ड्रायव्हरशेजारच्या पेटीत पैसे टाकायचे. भाडं 230 येन होतं. मी हजाराची नोट सरकवली, खाली खणखण नाणी पडली. मला वाटलं भाडं कापून उरलेले आले. 'आरिगातो', म्हणजे धन्यवाद, म्हणून खाली उतरायला लागले तर ड्रायव्हर हात जोडून थांबवतोय. ते यंत्र नुसते सुट्टे करून देतं, पुरे हजार. त्यातले 230 मोजून शेजारच्या पेटीत आपण टाकायचे असतात. मागं शाळेची पोरं रांगेत उभी, आणि मी चष्मा शोधतेय. त्यापेक्षा सुइका किंवा इकोका असलं आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड घ्या, टेकवलं की झालं. सासऱ्यांच्या गळ्यातच अडकवा.

टिप द्यायची नाही. आपल्या हरभट रोडच्या बाजारातली घासाघीसही करायची नाही. दुकानात पैसे हातात न देता समोरच्या छोट्या तबकात ठेवायचे.

भाषेची भीती सगळ्यात जास्त वाटते, आणि मराठी माणसाला ती सगळ्यात कमी वाटायला हवी. वाक्याची ठेवण आपलीच आहे: कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद. 'तोक्यो नि इकिमास' म्हणजे 'टोकियोला जातो', त्यातला 'नि' म्हणजे आपला 'ला'. प्रश्न करायचा तर शेवटी 'का' लावायचा. 'इकुरा देस का?' म्हणजे 'किती झाले?' वाक्याच्या शेवटी आपण 'ना' म्हणतो तिथं ते 'ने' म्हणतात. त्यांची अक्षरंसुद्धा अ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशा क्रमानं जातात, कारण तो क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून आला. सासऱ्यांना हे सांगा, विमानात दोन तास बरे जातील.

'हाइ' म्हणजे हो. आपल्याकडं खेड्यात 'हाय की' म्हणतात तसंच ऐकू येतं. पण समोरचा 'हाइ, हाइ' करत मान डोलावतोय म्हणजे त्याला पटलंय असं नाही, तो फक्त ऐकतोय. आणि 'चोत्तो...' म्हणून वाक्य अर्ध्यात सोडलं की समजा, नाही. आपण लग्नाच्या मुलाला 'बघू' म्हणतो त्याच जातीचं. हॉटेलात, रस्त्यावर कुणालाही हाक मारायची तर 'सुमिमासेन'. त्यातच माफी, धन्यवाद आणि 'अहो' सगळं आलं.

आता सासूबाईंचं. ही खरी अडचण. 'मांस खात नाही' एवढं सांगून भागत नाही, कारण 'निकु' म्हणजे नुसतं मांस. मासे त्यात धरत नाहीत. त्यातून दाशी नावाचा रस्सा बहुतेक वाळवलेल्या माशाच्या किसाचा असतो, आणि तो मिसो सूप, उदोन नावाच्या जाड नूडल्स, भाज्या, कधीकधी तोफूवरसुद्धा असतो. एका कागदावर जपानीत लिहून घ्या: मांस नको, मासे नकोत, माशाची दाशीही नको. कोपऱ्यावरच्या दुकानांत भाताचे गोळे मिळतात, त्यात उमेबोशी म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचा बघा, पण घटकांत दाशी आहे का तेही वाचून घ्या. टोकियोत निशी-कासाईला भारतीय वस्ती आहे. तिथल्या एदोगावा वॉर्डच्या सभेवर 2019 मध्ये योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ निवडून आले. एरवी कुठल्याही शहरातल्या 'इंडियन' हॉटेलवाल्याशी हिंदीत बोलून बघा, बरेचजण नेपाळचे निघतात आणि वरण-भाताची सोय करतात.

जेवताना भुरके खुशाल मारा, नूडल्सना ते चालतात. चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नका. ते मृताच्या भाताचं लक्षण, आपल्याकडच्या पिंडासारखं. घरात जायचं तर बूट दाराशी काढायचे, संडासाच्या सपाता वेगळ्या. त्या घालून मी सरळ दिवाणखान्यात गेले होते. लेक काही बोलली नाही, जावईही नाही. विहीणबाई मात्र माझ्या पायांकडं बघत होत्या.

भेट म्हणून भडंगाची छोटी पाकिटं न्या, पण चार नग देऊ नका. चार आणि मृत्यू, दोन्हींचा उच्चार 'शि'. तासगावची द्राक्षं न्यायचा मोह आवरा, ताजी फळं तपासणीच्या दाखल्याशिवाय आत सोडत नाहीत. आणि 5 येनची नाणी खर्चू नका. 'गो-एन' म्हणजे पाच येन, आणि ऋणानुबंधाला त्यांच्याकडं जो शब्द आहे त्याचा उच्चारही तसाच होतो, म्हणून देवळात तेच टाकतात. सासूबाईंना हे आवडेल, त्यांच्या पर्समध्ये दहा-बारा आधीच घालून ठेवा.