सरकारी विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात एमबीबीएस डॉक्टरला पगार किती मिळतो? नोकरी घ्यावी का?

तुमची बायको एमबीबीएस, घर सांगलीत, जाहिरात आलीय आणि 'काम हलकं असतं म्हणे'. त्या 'हलकं'साठीच लिहायला बसले.

आधी पैसे. पद मंजूर असेल तर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन ५६,१०० पासून, वर महागाई भत्ता, घरभाडं. व्यवसायरोध भत्ता घेतला (केंद्रात तो मूळ वेतनाच्या २० टक्के) की बाहेरची प्रॅक्टिस बंद. जाहिरातीत 'एकत्रित मानधन' आणि '११ महिने' दिसलं तर हे सगळं विसरा. मी अशाच ऑर्डरवर होते, कुठे ते सांगत नाही. ठरले ४०,०००, हातात ३६,०००. कारण आम्ही कर्मचारी नव्हेच, 'व्यावसायिक', म्हणून प्राप्तिकराच्या तेव्हाच्या १९४जे कलमाखाली १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला कर. पीएफ नाही, वाढ नाही, मे महिन्यात ब्रेक. वेळ १० ते २.

आता हलकं काम. पावसाळ्यात मुलींच्या एकाच होस्टेलमधल्या तिघी पाठोपाठ आल्या. मळमळ, जेवण नको. तिसरीला खिडकीशी नेलं, वरची पापणी उचलून 'खाली बघ' म्हटलं, तर डोळा हळदीसारखा. पाण्यातून येणारी कावीळ दिसायला काही आठवडे लागतात, म्हणजे पोरी कधीपासून ते पाणी पीत होत्या बघा. २ वाजून गेले होते. ओळखीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून ओटीची (क्लोरीन तपासायच्या द्रावणाची) बाटली आणली, मेसच्या नळाचं पाणी ट्यूबमध्ये घेतलं, थेंब टाकले. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. ढिम्म हललं नाही. नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी हवा. वॉचमन म्हणाला, "टीसीएल कधीच संपलंय मॅडम, मागणी टाकलीय." टीसीएल म्हणजे पाण्यात टाकायची ब्लीचिंग पावडर.

पत्र दिलं तर उत्तर आलं: तुमची ऑर्डर ओपीडीची, पाणी इस्टेट विभागाकडे. मग मीच मागे लागून टाकी धुऊन घेतली, टीसीएल आणवलं. आणखी काही मुली आजारी पडल्या, पण महिन्या-दीड महिन्यात थांबलं. ऑर्डर वाढवायच्या वेळी हिशेबवाल्या साहेबांनी रजिस्टर उघडलं. "ओपीडी घटलीय मॅडम. एवढ्याला ४०,००० जास्तच होतात."

अहो, घटली का ते विचारा की! प्राध्यापकाचा पगार वर्गातली डोकी मोजून ठरवता का? तेव्हा ऑर्डर हवी होती म्हणून गप्प बसले. पण दोष आमच्यातल्यांचाही आहे. सही करून स्वतःच्या दवाखान्यात पळणारे डॉक्टर असतील तर साहेबांना तेच काम वाटणार.

वहिनींना सांगा, सही करण्याआधी लेखी घ्या: रात्री होस्टेलचा फोन आला तर जायचं कुणी, मेस आणि पाणी तपासायचा अधिकार कुणाला, बाहेर प्रॅक्टिस चालेल का. रिटर्न व्यावसायिकांसाठीच्या अंदाजित उत्पन्नाच्या तरतुदीखाली (जुन्या कायद्यात कलम ४४एडीए) भरलं तर मिळालेल्या मानधनाच्या निम्मंच उत्पन्न धरता येतं, टीडीएस बराचसा परत मिळतो.

हे सगळं कंत्राटी पदाचं हं. मंजूर पद असेल तर डोळे झाकून घ्या. आणि पीजीचा अभ्यास चालू असेल, लेकरू लहान असेल, तर कंत्राटीसुद्धा वाईट नाही. मिरजेतल्या हॉस्पिटलांत नाइट करणाऱ्या माझ्या मैत्रिणींना माझ्या मोकळ्या दुपारींचा हेवा वाटायचा. फक्त पाण्याच्या तपासणीची वही पहिल्या दिवसापासून ठेवा, वर तारखेनिशी पोच घ्या. मानधन वाढवून मागताना ओपीडीच्या रजिस्टरशेजारी तीही आपटता येते.

जाहिरातीतल्या अटी-शर्ती इथे टाका, वाचून सांगते.